माझा दात, तुझा पल, त्यांचा तान्त

आरशासमोर उभे राहा बघू. आता बोट नाकाला लावा. मग दाताला, भुवईला, हनुवटीला. खाली वाका आणि गुडघ्याला हात लावा. मग पायाच्या नखाला. प्रत्येक वेळी त्या अवयवाचं नाव मोठ्यानं म्हणा. जमलं? यात काय एवढं, असं वाटलं ना? पण तुम्ही आत्ता जे सहा शब्द बोललात, त्यांतले बरेच हजारो वर्षांचे म्हातारे शब्द आहेत, आणि त्यांचे नातेवाईक जगभर पसरलेले आहेत. काही तर इतक्या लांब आणि इतक्या अनपेक्षित ठिकाणी राहतात, की ओळख पटल्यावर तुम्ही उडीच माराल.

हा शोध घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे फार सोयीचे आहेत. कसे, ते सांगते.

१९८२ सालच्या २६ ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या दिवशी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरचा कोट गोंड राजांचा. पूर्वेकडे गेलात की जंगल दाट होत जातं, आणि जंगलाबरोबर भाषाही बदलत जातात. वैनगंगेच्या काठी झाडीबोली ऐकू येते. ही मराठीचीच बोली, पण तिच्यात ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारे आजी-आजोबा भेटतील. धानोरा, कोरची, एटापल्लीकडे घराघरांत गोंडी. भामरागडच्या बाजूला माडिया. राजुरा-जिवतीच्या डोंगरात कोलामी. अगदी दक्षिणेला सिरोंचात, जिथं प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथं बाजारात तेलुगू चालते. पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगढी आहे. चामोर्शी, मुलचेराकडे बंगाली बोलणारी गावं आहेत. इतक्या भाषा इतक्या जवळ जवळ! शाळेच्या एका बाकावर बसलेल्या दोघा मित्रांच्या आया घरी दोन वेगळ्या भाषांत ‘दात घासले का?’ म्हणून विचारतात.

तर अशा बाकावरच्या मराठी मुलानं स्वतःच्या दाताला बोट लावलं आणि शेजारच्या गोंड मैत्रिणीला विचारलं, ‘याला तुम्ही काय म्हणता?’ ती म्हणेल, ‘पल.’ डोळ्याला? ‘कन.’ कानाला? ‘केवी.’ डोक्याला ‘तला’, हाताला ‘कय’, पायाला ‘काल’, आणि खरचटल्यावर येतं ते रक्त ‘नेत्तुर’. गावागणिक उच्चार थोडे बदलतात. कुणी ‘तल्ला’ म्हणतं, कुणी ‘कै’. गोंडी ही चार-पाच राज्यांत पसरलेली मोठी भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली. एवढ्या विस्तारात सगळे एकसारखं कसं बोलतील?

आता गंमत बघा. आपला ‘कान’ आणि तिचा ‘कन’ किती सारखे ऐकू येतात! पण कान ऐकतो आणि कन बघतो. तिचं ‘काल’ म्हणजे पाय, आपलं ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. तिचा ‘तला’ सगळ्यांत वर असतो, आपला ‘तळ’ सगळ्यांत खाली. आणि गोंडीत ‘पाल’ म्हणजे दूध! मराठी मुलाला कुणी ‘पाल पितोस का?’ म्हटलं तर तो छताकडे बघत पळत सुटेल.

शेजारी राहून शब्द इतके वेगळे का, हा प्रश्न मनात ठेवा. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला एकदम सात हजार किलोमीटरहून जास्त लांब जायचंय, समुद्रकाठच्या एका सपाट, पाणथळ देशात. त्याचं नाव नेदरलँड्स. तिथल्या लोकांना आपण डच म्हणतो आणि त्यांची भाषाही डच. हे लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत बरं का. सतराव्या शतकात त्यांची जहाजं आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला लागायची. तिथं त्यांनी बांधलेल्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. त्यांच्याच व्यापारी कंपनीतल्या योआन योसुआ केटेलार नावाच्या माणसानं हिंदुस्तानी भाषेचं एक व्याकरण डच भाषेत लिहिलं. त्याची १६९८ सालची हस्तलिखित प्रत आज जपून ठेवलेली आहे. हिंदुस्तानीचं हे सगळ्यांत जुनं माहीत असलेलं व्याकरण. परक्या देशात व्यापार करायचा तर तिथलं बोलणं यायला हवं, म्हणून हा खटाटोप.

आपण उलटं करू. डच माणसाच्या शरीराचे शब्द आपण शिकू. पुन्हा आरशासमोर या.

दाताला डच लोक म्हणतात ‘तान्त’. नखाला ‘नाखल’. बेंबीला, म्हणजे नाभीला, ‘नावल’. भुवईला ‘वेंकब्राउ’. त्यातलं ‘वेंक’ म्हणजे खुणावणं आणि ‘ब्राउ’ म्हणजे खरी भुवई. संस्कृतमध्ये भुवईला ‘भ्रू’ म्हणतात, हे आठवतंय? नाकाला ‘नोस’, फक्त त्यातला ‘ओ’ आपल्यासारखा नाही, ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणायचा. संस्कृतात ‘नासिका’. पायाला ‘फूत’, गुडघ्याला ‘क्नी’, हनुवटीला ‘किन’.

थांबा! दात आणि तान्त? नख आणि नाखल? नाभी आणि नावल? शेजारच्या मैत्रिणीचा ‘पल’ आपल्या दाताच्या जवळपासही फिरकत नाही. आणि ज्यांनी कधी वैनगंगा पाहिली नाही, मोहाची फुलं वेचली नाहीत, त्या डच लोकांचा ‘तान्त’ आपल्या दाताला चिकटून बसलाय. हे कसं काय?

उत्तर असं, की मराठी आणि डच या दूरच्या नातेवाईक भाषा आहेत. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी एक भाषा बोलली जात होती. ती कुणी लिहून ठेवली नाही, कारण तेव्हा तिच्या लोकांना लिहिता येत नव्हतं. ते लोक पांगले. काही पश्चिमेला गेले, काही पूर्वेला. प्रत्येक गटाचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या थोडं थोडं बदलत गेलं. एका टोकाला संस्कृत आणि तिच्यापासून पुढं मराठी, हिंदी, बंगाली. दुसऱ्या टोकाला डच, इंग्रजी, जर्मन. या सगळ्या गोतावळ्याला भाषाशास्त्रज्ञ इंडो-युरोपीय भाषाकुल म्हणतात.

तुम्ही म्हणाल, दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून लगेच नातं कसं ठरवायचं? आत्ताच तर कान आणि कन यांनी आपल्याला फसवलं! अगदी बरोबर शंका आहे. म्हणून शास्त्रज्ञ नुसत्या सारखेपणावर भरवसा ठेवत नाहीत. ते नियम शोधतात. आणि इथं नियम सापडतो.

संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘द’ असेल तर डचमध्ये ‘त’ येतो. दन्त आणि तान्त. दहासाठी संस्कृत ‘दश’ आणि डच ‘तीन’. हो, डच माणूस ‘तीन’ म्हणतो तेव्हा त्याला दहा हवे असतात! आंबे विकताना लक्षात ठेवा. संस्कृतात ‘प’ असेल तर डचमध्ये फ किंवा व सारखा ओठ-दातांचा आवाज येतो. पाद आणि फूत. पितृ, म्हणजे वडील, आणि ‘फादर’. ‘भ’ असेल तर ‘ब’ येतो. भ्रू आणि ब्राउ, भ्राता आणि ‘ब्रूर’. ‘ग’ असेल तर ‘क’. गाय आणि ‘कू’. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, शब्दामागून शब्द तोच बदल. योगायोग इतका शिस्तीत वागत नाही. १८२२ साली याकोब ग्रिम यांनी हे नियम नीट मांडून छापले. हे तेच ग्रिम, ज्यांनी भावाबरोबर परीकथा गोळा केल्या. सिंड्रेला वाचलीत ना? तिची गोष्ट सांगणाऱ्या माणसानं दातांचं आणि पायांचं हे कोडंही सोडवलं.

‘क्नी’ या शब्दाकडे जरा निरखून बघा. इंग्रजीत गुडघ्याला ‘नी’ म्हणतात, पण लिहिताना सुरुवातीला ‘के’ हे अक्षर लिहावं लागतं आणि ते म्हणायचं नसतं. किती मुलांनी त्या मुक्या अक्षरापायी शुद्धलेखनात गुण घालवले असतील! डच लोक मात्र ते अक्षर अजून म्हणतात. पूर्वी इंग्रजही म्हणायचे, नंतर त्यांनी सोडलं. आता संस्कृतकडे या. गुडघा म्हणजे ‘जानु’. ग्रीक भाषेत ‘गोनु’. ग्रीक ‘ग’च्या जागी डच ‘क’, आणि ‘न’ तिन्हीकडे तोच. रामाच्या गोष्टीत ‘आजानुबाहू’ हा शब्द येतो, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात असा. त्या शब्दातला ‘जानु’ आणि डच मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यातला ‘क्नी’ एकाच घरचे. आणि ‘किन’? संस्कृतात जबड्याला ‘हनु’ म्हणतात. त्यावरून आपली हनुवटी आणि त्यावरूनच हनुमान, ज्याचा जबडा ठळक आहे तो. डच ‘किन’ हा या हनूचा लांबचा भाऊ आहे, असं अभ्यासक सांगतात.

हे नातं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, याची गोष्टही आपल्याजवळच सुरू होते. थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आले. तिथली भाषा ते इतकी सुंदर शिकले, की पुढं १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य छापलं गेलं. त्यांनी १५८३ साली भावाला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं, की इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. पत्र घरच्या माणसाला होतं, त्यामुळे जगाला ते फार उशिरा कळलं. १६४७ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातले प्राध्यापक बॉक्सहॉर्न यांनी डच, ग्रीक, लॅटिन, फारसी या भाषा एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. १७८६ मध्ये कोलकात्याला विल्यम जोन्स यांनी संस्कृतचं नाव या यादीत जोडून भाषण दिलं, आणि मग सगळे कामालाच लागले.

बरं, मग आपली गोंड मैत्रीण? तिच्या ‘पल’चे नातेवाईक कुठं आहेत?

ते कळायला गडचिरोलीतून फक्त सिरोंचापर्यंत जा. तिथं तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या काकांना विचारा. डोकं म्हणजे ‘तल’. डोळा ‘कन्नु’. पाय ‘कालु’. रक्त ‘नेत्तुरु’. दात ‘पन्नु’, आणि अनेक दात ‘पळ्ळु’. दूध ‘पालु’. सगळं गोंडीच्या जवळ! आणखी दक्षिणेला तमिळमध्ये डोकं ‘तलै’, डोळा ‘कण’, हात ‘कै’, पाय ‘काल’, दात ‘पल’. हा ‘पल’ गोंडीतला तसाच्या तसा चेन्नईला जाऊन बसलाय. या भाषांचं कूळ वेगळं. त्याला द्राविड भाषाकुल म्हणतात. गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, कन्नड, तमिळ, मल्याळम ही त्यातली भावंडं.

आणि इथंही नियम आहेत. मला तर हे नियम ग्रिमच्या नियमांइतकेच देखणे वाटतात. गोंडीत कान म्हणजे ‘केवी’, कन्नडमध्ये ‘किवि’, पण तेलुगूत ‘चेवि’. पूर्वीच्या ‘के’चा तेलुगूत ‘चे’ झाला. म्हणून गोंडीतला ‘कय’, कन्नडमधला ‘कै’, हा हात तेलुगूत ‘चेय्यि’ झाला. दुसरा नियम कन्नडचा. तिथं शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ जाऊन ‘ह’ आला. म्हणून दात ‘हल्लु’ आणि दूध ‘हालु’. गोंडीनं मात्र कानातला ‘क’ही जपला आणि दातातला ‘प’ही. मोठमोठे ग्रंथ असलेल्या भाषांनी जे जुने आवाज बदलले, ते जंगलातल्या या भाषेच्या ओठांवर आजही आहेत. भाषेचा जुना इतिहास शोधणाऱ्याला गोंडीच्या दारात यावंच लागतं, ते यासाठी.

या कुळाची ओळख १८१६ साली मद्रासला फ्रान्सिस एलिस यांनी करून दिली. १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांनी त्याचं मोठं व्याकरण लिहिलं आणि त्यात गोंडीलाही जागा दिली. आपल्या विदर्भात स्टीफन हिस्लॉप हे पाद्री गावोगाव हिंडून गोंडांची गाणी आणि शब्द टिपून ठेवत होते. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. १८६३ मध्ये ते पाण्यात बुडून वारले. त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले गेले. पुढं ग्रिअर्सन यांनी भारतभरच्या भाषांची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक भाषेसाठी शब्दांची एक ठरलेली यादी पाठवली. तिच्यात हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोकं, जीभ, पोट, पाठ हे सगळे होते. पाहणीचा गोंडीवरचा खंड १९०६ साली निघाला.

सगळ्यांना शरीराचेच शब्द का हवे असतात? विचार करा. मोबाइल हा शब्द आपण बाहेरून आणला, कारण वस्तूच बाहेरून आली. चहा, साबण, पेन्सिल, सगळे पाहुणे. पण नाक कुणी बाहेरून आणत नाही! ते प्रत्येकाकडे, प्रत्येक काळी होतंच. बाळ बोलायला लागायच्या आधीच आई त्याच्या नाकाला, कानाला हात लावून नावं सांगते. रोज वापरात असलेले आणि इतक्या लहानपणी शिकलेले शब्द सहसा बदलत नाहीत. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी १९५० च्या दशकात भाषांची नाती तपासण्यासाठी शंभर शब्दांची एक यादी केली. तिच्यात डोकं, डोळा, दात, जीभ, गुडघा, हात, पोट, यकृत, रक्त, हाड असे शरीराचेच वीसेक शब्द आहेत.

सहसा म्हटलं, कारण तेही कधी कधी बदलतात. डोळ्याला संस्कृतात ‘अक्षि’ होतं. मराठीत मात्र ‘डोळा’ आला आणि अक्षि पुस्तकात राहिला. पोटाचं बघा. संस्कृतात ‘उदर’, मराठीत ‘पोट’. आणि तेलुगूत? ‘पोट्ट’. कन्नडमध्ये? ‘होट्टे’. वरचा कन्नडचा नियम आठवा, ‘प’चा ‘ह’. तो इथंही लागू पडतो! म्हणजे आपलं पोट दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या पोटाशी जुळतं. कुळं वेगळी असली तरी भाषा शेजारी शेजारी राहिल्या, एकमेकींच्या घरी आल्या-गेल्या, शब्द उसने दिले-घेतले.

आता एक सापळा लावते, बघू कोण सापडतं. डच भाषेत हाताला ‘हान्त’ म्हणतात. मराठीत ‘हात’. दात-तान्तसारखीच जोडी आहे ना? नाही! हा निव्वळ योगायोग. आपला हात ‘हस्त’पासून आला. मराठीची जुनी खोड आहे, दोन जोडलेल्या व्यंजनांपैकी एक गाळायचं आणि आधीचा स्वर लांबवायचा. हस्तचा हात, दन्तचा दात, कर्णचा कान. डच ‘हान्त’ मात्र वेगळ्याच मुळाचा आहे, आणि त्याचं हस्तशी काही नातं नाही. डच ‘हार’ म्हणजे केस, ‘काक’ म्हणजे जबडा. त्यांचंही आपल्या फुलांच्या हाराशी किंवा कावळ्याशी काही देणंघेणं नाही. कानाला गोड लागलं म्हणून नातं मानायचं नाही, नियम लावून बघायचा.

डच भाषेत मला सगळ्यांत आवडतात ते जोडशब्द. थंडीत हातात घालतो त्याला आपण ‘हातमोजे’ म्हणतो. डच लोक म्हणतात ‘हान्तस्खून’, म्हणजे हाताचा बूट! शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटाला घालतात त्या टोपणाला ते ‘बोटाची टोपी’ म्हणतात. हिरड्यांना म्हणतात ‘दाताचं मांस’. आपल्याकडं दातावरून देवीचंही नाव आहे. छत्तीसगढमधल्या दंतेवाड्याची दंतेश्वरी. तिथं सतीचा दात पडला अशी कथा सांगतात. ही देवी गडचिरोलीच्या लोकांचीही लाडकी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राममध्ये आदिवासींसाठी दवाखाना काढला, तेव्हा त्याला नाव मिळालं ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.

दवाखान्यावरून महत्त्वाची गोष्ट आठवली. शरीराचे शब्द न कळल्यानं माणसाचा जीवही धोक्यात येऊ शकतो. भामरागडजवळ हेमलकसा इथं बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. आजूबाजूच्या माडिया लोकांना मराठी येत नव्हती. रोगी समोर बसलाय, त्याला काहीतरी दुखतंय, पण डोकं दुखतंय की दात, ते सांगायचं कोणत्या भाषेत? औषध कसं घ्यायचं ते समजवायचं कसं? डॉक्टरांनी माडिया शिकायला घेतली. शिकलेल्या डॉक्टरांनी रोग्याची भाषा शिकायची, हे मला फार मोठं काम वाटतं. औषधाच्या पेटीइतकेच ‘तला’, ‘कय’, ‘काल’ हे शब्दही तिथं लागत होते.

नवे शब्द लक्षात कसे ठेवायचे, याचीही एक वैज्ञानिक गंमत आहे. २००४ साली केंब्रिजमधल्या शास्त्रज्ञांनी लोकांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि काही क्रियापदं मनात वाचायला दिली. कुणी चाटतं, कुणी उचलतं, कुणी लाथ मारतं, असे इंग्रजी शब्द. माणसं निश्चल पडलेली होती. तरी लाथेचा शब्द वाचला की मेंदूत पाय हलवणाऱ्या भागाजवळ हालचाल दिसली. उचलण्याचा शब्द वाचला की बोटं हलवणाऱ्या भागाजवळ, चाटण्याचा वाचला की जिभेच्या भागाजवळ. शब्द नुसता कानात राहत नाही, तो शरीरापर्यंत पोचतो. म्हणून शरीराचे शब्द पाठ करायला वहीत पन्नासदा लिहू नका. अवयवाला हात लावा आणि म्हणा. गुडघा वाकवा आणि ‘क्नी’ म्हणा. टाळी वाजवा आणि ‘कय’ म्हणा.

आता तुमच्यासाठी काम. डच शब्दांचे मोठाले कोश आहेत. डच बोलणारे दोन कोटींहून जास्त लोक आहेत, त्यांची विद्यापीठं, पुस्तकं, चित्रपट आहेत. गोंडी आणि माडियाचं इतकं काही लिहून ठेवलेलं नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ पासून गोंडीतून शिकवणारी शाळा चालवली, असे प्रयत्न आहेत, पण थोडे. गावागणिक बदलणारे कितीतरी शब्द आज फक्त आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. म्हणून एक वही करा. पानाच्या मध्यभागी माणसाचं चित्र काढा. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत बाण काढा. एका रंगानं मराठी किंवा झाडीबोलीतला शब्द लिहा, दुसऱ्या रंगानं गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, जे शेजारी बोललं जात असेल ते. कुणाला विचारलंत, ते आजोबा कोणत्या गावचे, तारीख कोणती, हे खाली लिहायला विसरू नका, नाहीतर पुढं अभ्यास करणाऱ्याला वहीचा उपयोग होणार नाही. शब्द जसा ऐकू आला तसाच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. आणि तुम्हीच गोंडी किंवा माडिया बोलणारे असाल, तर ही वही तुमच्यापेक्षा चांगली कुणालाच जमणार नाही. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. कोपराला, टाचेला, पापणीला, करंगळीला काय म्हणतात, ते आधी विचारा, कारण असले बारीक शब्द सगळ्यांत आधी विसरले जातात. वही भरली की वर्गात भिंतीवर लावा, आणि बाकावरच्या मित्राला त्याच्या भाषेत ‘कुठं दुखतंय?’ हे विचारायला याच आठवड्यात शिका.